अळणी, कांदा आणि साडेसहाचा चंद्र : आरहूसच्या बिस्ट्रोतलं एक प्रकरण

प्रकरण तसं किरकोळ. चार माणसं, एक टेबल, दोन तास आणि 1,840 क्रोनचं बिल. कुणाला काही बाधलं नाही, कुणाचा आवाज चढला नाही. तरी सविस्तर लिहून काढतोय, कारण इथे डेन्मार्कमध्ये मराठी मंडळी जमली की असा एखादा किस्सा निघतोच आणि तो दर वेळी एकाच वाक्यावर येऊन थांबतो: 'विचारलं होतं हो, तरी फसवलं त्यांनी.' आम्हीही विचारलं होतं. आम्हाला कुणी फसवलं नव्हतं. शनिवारी रात्री टेबलावर जे घडलं त्याची चूक गुरुवारी दुपारी माझ्या हातून होऊन गेली होती.

शहर, खाणावळ आणि आम्ही

आरहूस हे डेन्मार्कमधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. स्थानिक लोक 'ऑहूस' म्हणतात. जटलंड द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे बंदर. नावाचा मूळ अर्थच नदीचं मुख. नदी म्हणायला नदी, आपल्या मानाने ओढाच. गेल्या शतकात ती रस्त्याखाली गाडली होती, 1990च्या दशकापासून रस्ता काढून पुन्हा उघडी केली, आणि आता तिच्या काठाने सगळी खाण्यापिण्याची ठिकाणं आहेत. जिथे पूर्वी कंटेनर उतरायचे त्या धक्क्यांवर उंच इमारती झाल्या आहेत. त्यातल्या एकीत आम्ही नवराबायको भाड्याने राहतो. मी पवनचक्क्यांच्या धंद्यात आहे, आणि या शहरात तसं सांगितलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

मे महिन्याच्या शेवटी आईबाबा पुण्याहून आले. जूनमध्ये त्यांच्या लग्नाला 40 वर्षं होत होती. बाहेर जेवायला जायचं ठरलं तेव्हा मी आधी भारतीय रेस्टॉरंटचं नाव काढलं. आई म्हणाली, "पनीर बटर मसाला खायला एवढ्या लांब आले का मी?" मग माझ्या बायकोने कॅथेड्रलच्या मागच्या गल्ल्यांमधला एक बिस्ट्रो सुचवला. दहा-बारा टेबलं, दगडी फरसबंदीची गल्ली, फळ्यावर खडूने लिहिलेले पदार्थ, पदार्थांची नावं अर्धी फ्रेंच आणि अर्धी डॅनिश. नाव देत नाही. ती माणसं चांगली आहेत आणि प्रकरण त्यांच्यापुरतं नाही.

डेन्मार्कमध्ये फ्रेंच बिस्ट्रो कसा, हा प्रश्न बाबांनी विचारला, आणि तो रास्त होता. युरोपातल्या बऱ्याच राजघराण्यांप्रमाणे डॅनिश दरबाराचं जेवणही फ्रेंच वळणाचं होतं, आणि वरून खाली झिरपत ते इतकं खाली आलं की रस्त्यावरच्या गाड्यावर 'फ्रेंच हॉटडॉग' मिळतो आणि साध्या पांढऱ्या पावाला लोक 'फ्रान्सब्रॉय', म्हणजे फ्रेंच पाव, म्हणतात. बेअर्नेज हा लोण्याचा फ्रेंच सॉस इथे जवळजवळ घरचाच झालाय. राणी मार्ग्रेथे दुसरी यांचे पती प्रिन्स हेन्रिक मूळचे फ्रेंच, जन्म बोर्दोजवळचा. 1967 साली लग्न झालं, आणि राजघराण्याचं उन्हाळी निवासस्थान, मार्सेलिसबोर्गचा वाडा, याच आरहूसच्या दक्षिण टोकाला आहे. 2004 साली कोपनहेगनमध्ये नव्या नॉर्डिक पाककलेचा जाहीरनामा निघाला. मग मातीतलं, किनाऱ्यावरचं, आंबवलेलं असं सगळं ताटलीत आलं आणि फ्रेंच लोण्याची थोडी पंचाईत झाली. 2015 साली आरहूसला पहिल्यांदा मिशलिनचे तारे मिळाले, एकदम तीन रेस्टॉरंटांना. आता मात्र मला असं दिसतं की रोजच्या खिशाला परवडणारं आणि अर्थ समजावून न घेता खाता येणारं जेवण हवं असलेली माणसं पुन्हा बिस्ट्रोकडे वळतात.

बिस्ट्रो हे रेस्टॉरंटचं धाकटं भावंड आहे असं लोक समजतात. माझ्या लेखी ती फ्रेंच खाणावळ आहे. हे साम्य पुढे महत्त्वाचं ठरणार आहे. खाणावळीत रात्री आठ वाजता जाऊन मावशींना "आमटीत गूळ नको होता" असं सांगून काही उपयोग नसतो. आमटी सकाळीच झालेली असते.

बुधवारी रात्री पंचांग

टेबल शनिवारी संध्याकाळी साडेपाचचं मिळालं होतं. यात आश्चर्य वाटायला नको. डॅनिश लोक घरी सहाला जेवतात, आणि लहान ठिकाणी एका संध्याकाळी दोन पंगती बसवतात: साडेपाच ते साडेसात, मग आठ ते दहा. टेबल दोन तास तुमचं, त्यानंतर दुसऱ्याचं. आयत्या वेळी आला नाहीत तर माणशी 200 क्रोन कार्डातून कापले जातील असं बुकिंगच्या वेळीच कबूल करून घेतलं होतं. एका क्रोनचे तेव्हा साधारण 13 रुपये होत होते.

बुधवारी रात्री आई पंचांग बघून म्हणाली, "अरे, शनिवारी संकष्टी आहे."

आईची संकष्टी कधी चुकलेली नाही. आता प्रश्न चंद्राचा. जूनमध्ये आरहूसला सूर्यच सव्वादहाच्या सुमारास मावळतो, आणि पौर्णिमेनंतर चौथ्या रात्रीचा चंद्र मध्यरात्र उलटून गेल्यावर, क्षितिजाला घासत उगवतो. बिस्ट्रोचं स्वयंपाकघर साडेनऊला बंद. म्हणजे इथला चंद्र धरला तर उपास बिस्ट्रोत सुटणं शक्यच नाही.

बाबांचं म्हणणं, आपण जिथे आहोत तिथला चंद्र धरायचा. शास्त्र तेच सांगतं. आईचं म्हणणं वेगळं. "घरचा गणपती पुण्यात आहे. शेजारच्या काकू आपल्या देव्हाऱ्यात दिवा लावणार, नैवेद्य दाखवणार, तो पुण्याच्या चंद्राला. मग मी इथे कुठल्या चंद्राची वाट बघत बसू?" पुण्याचा चंद्रोदय रात्री दहा वाजून काही मिनिटांनी होता. उन्हाळ्यात डेन्मार्क भारताच्या साडेतीन तास मागे असतो. म्हणजे आमचे साडेसहा. बाबा हिशेबी माणूस, बँकेत आयुष्य गेलेलं. त्यांनी बोटांवर मोजलं आणि वाद सोडून दिला.

साडेसहाला घरी पूजा, मोदकाचा नैवेद्य, आणि आठची दुसरी पंगत. बुकिंग बदललं, जागा होती. तांदळाची पिठी आणि खवलेला गोठवलेला नारळ बझार वेस्टमधून आणला. शहराच्या पश्चिमेला 1996पासून असलेला हा बाजार नसता तर इथल्या निम्म्या परदेशी घरांत सणच झाले नसते. इथवर सगळं सुरळीत.

राहिलं जेवण. आई शाकाहारी, अंडंही खात नाही. संकष्टीला त्यात कांदा-लसूण नाही. आणि फ्रेंच स्वयंपाकात कांद्याशिवाय सॉस म्हणजे फोडणीशिवाय वरण.

गुरुवारची पत्रं

मी बिस्ट्रोला ईमेल लिहिलं. पहिल्या मसुद्यात 'एक पाहुणी शुद्ध शाकाहारी' असं होतं. बायकोने तो खोडला. ती कोल्हापूरची, स्वतः सगळं खाते, आणि म्हणूनच कुठे काय दडलेलं असतं ते तिला ठाऊक. "शाकाहारी या शब्दात प्रत्येकजण आपापलं ताट बघतो. नावं लिही," म्हणाली. मग मी नावं लिहिली: मांस नको, मासे नकोत, त्यांच्या हाडांचं पाणी नको, जिलेटिन नको, अंडं नको, वाइन नको, कांदा, त्याच्याच जातीचे शॅलट आणि लीक, आणि लसूण नको. दूध, लोणी, साय चालेल.

जिलेटिनला डॅनिशमध्ये 'हुसब्लास' म्हणतात. मुळात हा शब्द माशाच्या पोटातल्या हवेच्या फुग्यापासून केलेल्या चिकट पदार्थाचा; आज त्या नावाने मिळणाऱ्या पारदर्शक पट्ट्या बहुधा डुकराच्या असतात. मूस, पन्ना कोत्ता, फळांचे थर अशा गोड पदार्थांत त्या बेमालूम विरघळतात. शब्द माहीत नसेल तर शंकाही येत नाही.

तासाभरात उत्तर आलं, एका ओळीचं: ही अ‍ॅलर्जी आहे का?

इथे मी थोडा थांबलो. आपल्याकडची बरीच मंडळी या प्रश्नाला डोळे मिटून 'हो' म्हणतात, आणि का म्हणतात ते मला कळतं. धर्म, उपास, चंद्र समजावत बसण्यापेक्षा 'अ‍ॅलर्जी' हा एक शब्द सोपा, आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. पण त्या शब्दाने स्वयंपाकघरात वेगळीच यंत्रणा हलते. वेगळी पाटी, वेगळी सुरी, वेगळं भांडं, हात धुऊन पुन्हा सुरुवात; आणि शंका आलीच तर सरळ नकार, कारण चुकलं तर माणूस दवाखान्यात जाईल. शिवाय एक हास्यास्पद अडचण होती: दोन दिवसांनी हीच बाई त्यांच्याकडे कांद्याचं भजं मागू शकली असती. मी खरं लिहिलं. अ‍ॅलर्जी नाही, त्या दिवसापुरतं व्रत आहे, त्याच कढईत आधी कांदा परतला असेल तर हरकत नाही, पण ताटात नको.

दुसरं उत्तर स्वयंपाक्याचं असावं, कारण त्यात नमस्कार-चमत्कार नव्हते. मी सांगितलेलं सगळं वगळल्यावर लोणी, साय, पांढरं अ‍ॅस्परॅगस, नवे बटाटे, मटार, हिरवा पाला आणि स्ट्रॉबेरी उरते, जूनमध्ये यापेक्षा जास्त काय हवं, असा त्याचा सूर. मात्र हे दोन दिवस आधी कळलं ते बरं झालं, शनिवारी रात्री सांगितलं असतं तर पाव-लोणीच देता आलं असतं, असंही त्याने लिहिलं होतं.

हे वाक्य मी तेव्हा सौजन्य म्हणून वाचलं. ते सौजन्य नव्हतं, माहिती होती. बिस्ट्रोचं स्वयंपाकघर रात्री आठ वाजता शिजवत नसतं, जुळवत असतं. वासराची किंवा गाईबैलाची हाडं भाजून, गाजर-सेलरी-कांदा घालून तासन्‌तास उकळलेलं पाणी तयार असतं. शॅलट बारीक चिरून वाइनमध्ये आटवलेली असते. डाळ, सूप, सॉसचा पाया, सगळं दुपारपर्यंत झालेलं असतं. त्याशिवाय दोन माणसं चाळीस पाहुण्यांना गरम ताटं देऊच शकणार नाहीत. या तयारीला फ्रेंचमध्ये 'मीझाँ प्लास' म्हणतात, प्रत्येक वस्तू आपल्या जागी. म्हणून टेबलावर बसून तुम्ही जे बदलू शकता ते फार थोडं असतं: वरचं चीज काढा, सॉस बाजूला द्या. पायातलं काही बदलायचं तर ते आदल्या दिवशी.

हे सगळं मी आईसाठी केलं. बाबांसाठी काहीच केलं नाही. बाबा अंडं खातात, कांदा-लसूण खातात, संकष्टी धरत नाहीत, केकमधल्या रमबद्दलही तक्रार करत नाहीत. घरात त्यांचा गट 'काहीही चालतं' असा आहे. फक्त मांस-मासे नाहीत. ते 'फक्त' मला इतकं गृहीत होतं की लिहायचं सुचलंच नाही.

शनिवार

साडेसहाला दिवा लागला. खिडकीबाहेर दुपारसारखं ऊन होतं. आईने पश्चिम-पूर्व असं काही न बघता हात जोडले, अर्घ्य दिलं, मोदकाचा घास मोडला. आम्ही चालत निघालो.

दारातच बाबा थांबले. डेन्मार्कमध्ये प्रत्येक खाण्याच्या ठिकाणी सरकारी तपासणीचा अहवाल दर्शनी भागी लावावा लागतो, वर एक हसरा किंवा रडका चेहरा छापलेला. 2001पासून ही पद्धत आहे. बाबांनी तो कागद पासबुकासारखा वाचला. हसरा चेहरा होता. "हे आपल्याकडे पाहिजे," म्हणाले, आणि समाधानाने आत शिरले.

पहिल्या पाच मिनिटांत त्यांचं समाधान थोडं उतरलं, कारण नळाच्या पाण्याच्या सुरईचे माणशी 25 क्रोन लागणार होते. त्यावर मला स्वतंत्र लिहायचं आहे, इथे सोडतो.

आईचं ताट मात्र ठरल्याप्रमाणे आलं. आधी पांढरं अ‍ॅस्परॅगस. एरवी त्यावर अंड्याच्या बलकाचा हॉलंडेज सॉस असतो; तिच्यासाठी लोणी तांबूस होईपर्यंत कढवून त्यात हेझलनट परतले होते. आईने वास घेतला आणि म्हणाली, "तूप कढवताना खाली बेरी धरते ना, तो वास आहे हा." अगदी तोच. फ्रेंच लोक तिथे थांबतात, आपण गाळून पुढे जातो.

मग साम्सोचे नवे बटाटे. साम्सो हे आरहूससमोरच्या समुद्रातलं बेट, तिथल्या पहिल्या बटाट्यांची डॅनिश लोक आपण पहिल्या हापूसची बघतो तशी वाट बघतात. सोबत लेट्यूसच्या पानांत शिजवलेले कोवळे मटार. हा अस्सल फ्रेंच पदार्थ, एरवी त्यात छोटे कांदे आणि बेकन असतं. शेवटी स्ट्रॉबेरी आणि साय. वाढणाऱ्या मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली: अ‍ॅस्परॅगसवर ते एरवी किसलेलं चीज घालतात, ते आचाऱ्याने मुद्दाम वगळलंय, कारण तुम्ही जिलेटिन नको म्हणालात, मग ओस्टेलोबेही नको असणार.

ओस्टेलोबे म्हणजे रेनेट, दूध पिणाऱ्या वासराच्या जठरातला अर्क, ज्याने दूध फाटून चीज होतं. कोंते, रोकफोर, पार्मेजान ही चीजं परंपरेच्या नियमानुसार त्यानेच करावी लागतात. मी हे विसरलो होतो, आणि यादीत नसलेली गोष्ट त्या माणसाने यादीच्या तर्कावरून ओळखली. गंमत अशी की या अर्काचा कारखानदारी धंदा सुरू करणाऱ्यांत एक डॅनिश औषधविक्रेताच पुढे होता, क्रिस्टियान हान्सन, 1874 साली. त्याच कंपनीने पुढे वासराशिवाय, बुरशीकडून तेच रसायन करवून घेणारं रेनेटही बाजारात आणलं. त्यामुळे डॅनिश दुकानातली कितीतरी साधी चीजं आईला चालली असती. बिस्ट्रोतलं फ्रेंच चीज नसतं चाललं.

आता बाबा. त्यांना फळ्यावर 'लॉयसुपे' दिसलं, कांद्याचं सूप. खाली लिहिलं होतं: कांदा, टायम, भाजलेला पाव, कोंते. घरात सकाळपासून कांदा नव्हता. बाबांचा चेहरा उजळला.

मी विचारलं. ही गोष्ट मला नोंदवून ठेवायची आहे. मी त्या मुलीला डॅनिशमध्ये विचारलं, सुपात 'क्योद' आहे का? क्योद म्हणजे मांस. ती म्हणाली, नाही. मी विचारलं, अ‍ॅलर्जीच्या यादीत काय आहे? तिने न बघता सांगितलं: ग्लूटेन, दूध, सेलरी, सल्फाइट. चोख उत्तर.

सूप आलं. वर चीजचा तांबूस थर, खाली काळपट गोड रस. बाबांनी दोन चमचे घेतले आणि डोळे मिटले. "वा." मग उदारपणे वाटी सुनेकडे सरकवली, "चाखून बघ."

तिने चमचा तोंडात घातला आणि तो तसाच धरून माझ्याकडे बघितलं. "हे अळणी आहे," ती मराठीत म्हणाली, हळू. कोल्हापूरकडे मटण शिजवून त्याचं तिखट-मसाल्याआधीचं जे पाणी काढतात, लहान मुलांना वाटीतून पाजतात, ते अळणी. ज्या जिभेला ते लहानपणापासून माहीत आहे तिला हाडांचं पाणी कांद्याखाली लपवता येत नाही.

मी मुलीला बोलावून पुन्हा विचारलं, या वेळी नेमका शब्द वापरून. यात 'फाँग' कसला आहे? लिहिताना फोंद, उच्चार फाँग, हाडांचा अर्क. "ओक्सेफाँग," ती लगेच म्हणाली. गाईबैलाचा.

बाबांनी चमचा खाली ठेवला. पाणी प्यायले, ते पंचवीस क्रोनचं. काही बोलले नाहीत. मला वाटलं होतं ते चिडतील, आणि चिडले असते तर सोपं गेलं असतं. थोड्या वेळाने रुमालाने ओठ पुसत म्हणाले, "राहू दे. आता कळलं ना." आई म्हणाली, "माझा उपास सोडवलास आणि यांना धरायला लावलास."

मुलीच्या लक्षात सगळं एका क्षणात आलं असावं. तिने वाटी उचलली, आत गेली, दहा मिनिटांत आईसारखंच अ‍ॅस्परॅगस आणि त्यावर उकडलेलं अंडं घेऊन आली. सूप बिलात लावलं नाही, आम्ही न सांगता.

कुठे चुकलं

मुलगी खोटं बोलली का? मी त्यावर बराच विचार केला. तिच्या भाषेत क्योद म्हणजे मांसाचा तुकडा, ताटात दिसणारा, चावता येणारा. सुपात तो नव्हता. आपण तरी काय करतो? पांढऱ्या रश्श्याच्या वाटीत तुकडा नसतो. एखादा परका माणूस कोल्हापुरात वाटीकडे बोट दाखवून विचारेल, 'यात मटणाचा पीस आहे का?' तर वाढपी मान हलवून 'नाही' म्हणेल, आणि त्यात खोटं काही नसेल. पीस हवा असेल तर तो वेगळा मागावा लागतो.

आणि कायदा? युरोपीय संघात 2014च्या डिसेंबरपासून रेस्टॉरंटांनाही 14 अ‍ॅलर्जीकारक पदार्थांची माहिती देणं बंधनकारक आहे. सेलरी त्यात आहे, मोहरी आहे, तीळ आहेत. गाय नाही. कांदा-लसूणही नाहीत. म्हणजे गाईच्या हाडांच्या अर्काबद्दल कायद्याने त्या मुलीला फक्त त्यातली सेलरी सांगायला लावलं, आणि तिने ती सांगितली. भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका बघायची आपल्याला सवय आहे. तो ठिपका माणसाच्या आचाराची काळजी घेतो, त्याला शेंगदाण्याने सूज येते का हे तो विचारत नाही. इथली यादी शरीराची काळजी घेते, आचाराची नाही. दारावरचा हसरा चेहरा तर फक्त एवढंच सांगत होता की भांडं स्वच्छ होतं. बाबांनी तीन कागद वाचले असते तरी त्यांना सूप कळलं नसतं.

माझा प्रश्न चुकीचा होता हे खरं, पण तो चुकायची वेळ यायलाच नको होती. गुरुवारच्या ईमेलमध्ये 'एक पाहुणी' असं होतं. त्या वाक्याने स्वयंपाकघराला दोन गोष्टी सांगितल्या. एक, आई काय खात नाही. दोन, जी मी लिहिलीच नव्हती: बाकीचे तिघं सगळं खातात. त्यांच्या कागदावर त्या टेबलापुढे एक खूण होती आणि तीन कोऱ्या खुर्च्या. आईबद्दल मी इतकं बारकाईने लिहिलं की बाबांबद्दलचं मौन त्यांना उत्तरच वाटलं असणार. बाबांचंही नाव त्यात असतं तर ज्या आचाऱ्याला चीजमधलं वासरू दिसलं, त्याला सुपातला बैल दिसला नसता असं मी मानत नाही.

बायकोचं मत थोडं वेगळं आहे, तेही द्यायला हवं. ती म्हणते, बिस्ट्रोनेही फळ्यावर चार शब्द लिहिले होते, त्यात पाचवा लिहायला खडू संपला नसता. टायमसारखा चिमूटभर पाला नावानिशी लिहायचा आणि ज्याच्यावर सगळं सूप उभं आहे तो अर्क लिहायचा नाही, हे कुठलं? मला हे पटतं. फक्त मी ते शनिवारी रात्री म्हणू शकत नव्हतो.

बिल 1,840 क्रोन आलं. त्यातले 368 सरकारचे, कारण इथे 25 टक्के कर किमतीतच धरलेला असतो. सेवाशुल्कही किमतीतच असतं, वेगळी टिप कुणी मागत नाही. बाबांनी तरीही त्या मुलीसाठी 50ची नोट बशीखाली ठेवली. मी विचारलं, का? म्हणाले, "दुसऱ्यांदा विचारलंस तेव्हा तिने लपवलं नाही."

नंतर

सोमवारी मी बिस्ट्रोला लिहिलं. तक्रार नव्हती, माझी चूक सांगितली आणि बायकोचा खडूचा मुद्दाही सांगितला. उत्तर आलं, पुन्हा नमस्कार-चमत्काराशिवाय. बाबांबद्दल वाईट वाटल्याचं लिहिलं होतं, आणि डाळही त्याच अर्कात शिजते, म्हणजे पुढच्या वेळी ती मागवू नका, हेही.

मी ते बाबांना वाचून दाखवलं. मला वाटलं होतं विषय संपला. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "सुपाचे पैसे घेतले नाहीत त्यांनी. म्हणजे आपण अर्धवट जेवून आलो. परत जाण्याआधी एकदा नीट जेवून येऊ."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेलो, साडेपाचच्या पंगतीला. आदल्या दिवशी ईमेल गेलं होतं, त्यात चार खुर्च्या आणि चार नावांपुढे चार याद्या होत्या. बायकोच्या नावापुढे 'सगळं चालतं' एवढंच. फळ्यावर लॉयसुपेच्या खाली, दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात, एक शब्द वाढला होता. बाबांना डॅनिश येत नाही, पण तो शब्द त्यांनी लांबूनच वाचला.

तीच मुलगी होती. तिने त्यांच्यासाठी आणलेलं वाटाण्याचं थंड सूप खाली ठेवलं, हिरवंगार, वर सायीची रेघ. बाबांनी चमचा उचलला, मग परत ठेवला, आणि तिच्याकडे बघून अगदी स्पष्ट विचारलं,

"फाँग?"

"पाणी," ती म्हणाली. "नळाचं."

"त्याचे पैसे लागतात का?" बाबांनी मला मराठीत विचारलं, आणि जेवायला लागले.